आवर्तसारणीत हायड्रोजनची जागा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातून आलेल्या पत्रांत या वेळी हायड्रोजनचेच प्रश्न जास्त निघाले. म्हणून हे सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : दहावीला आमच्या वर्गातल्या तक्त्यात हायड्रोजन लिथियमच्या वर, पहिल्या गणात होता. आता पीयूसीच्या (अकरावीच्या) पुस्तकात तो सगळ्यांपासून वेगळा, वर एकटाच आहे. सर म्हणतात दोन्ही चालतं. दोन्ही चालत असेल तर आवर्तसारणी पक्की कशी म्हणायची? (पीयूसी प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, खानापूर)

उत्तर : तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकत्र आले आहेत. हायड्रोजनचा क्रमांक कोणता, हा एक. आणि त्याचा गण कोणता, हा दुसरा. पहिल्यात कसलाच वाद नाही. त्याच्या अणुकेंद्रात एक प्रोटॉन असतो, म्हणून अणुअंक १. मूलद्रव्यांचा क्रम अणुवस्तुमानावर नव्हे, तर केंद्रावरच्या धनप्रभारावर लागतो, हे हेन्री मोझलीने १९१३ साली क्ष-किरणांच्या मोजमापातून दाखवलं. त्याने मोजलेली मूलद्रव्यं ॲल्युमिनियमपासून सोन्यापर्यंतची होती, पण नियम हाती आल्यावर उलट मोजत एकपर्यंत जाता येतं. हा क्रम आहे म्हणूनच आवर्तसारणी पक्की आहे. हायड्रोजन कुठेही रंगवला तरी त्याचा क्रमांक हलत नाही.

वाद आहे तो उभ्या रांगेचा, म्हणजे गणाचा. गण ठरतो बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांवरून. हायड्रोजनच्या बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन, लिथियम आणि सोडियमच्याही बाहेरच्या कवचात एक. या हिशेबाने तो पहिल्या गणात बसतो. मेंडेलीव्हने १८६९ साली पहिली सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती आणि इलेक्ट्रॉनचा पत्ताही नव्हता. तरी १८७१च्या सुधारित सारणीत त्याने हायड्रोजन पहिल्याच गणात ठेवला, कारण त्याचे गण ऑक्साइडच्या सूत्रावर उभे होते. पाण्यात ऑक्सिजनच्या एका अणूला हायड्रोजनचे दोन अणू, सोडियम ऑक्साइडमध्ये सोडियमचे दोन. सूत्र सारखं, म्हणून गण एक.

आता गुणधर्म बघ. बाहेरचा इलेक्ट्रॉन काढून घ्यायला लागणारी ऊर्जा, म्हणजे आयनीभवन ऊर्जा, लिथियमसाठी ५२०, सोडियमसाठी ४९६ आणि पोटॅशियमसाठी ४१९ किलोज्यूल प्रति मोल आहे. हायड्रोजनसाठी ती १३१२ आहे. लिथियमच्या अडीचपट! ऑक्सिजनची १३१४ आहे, त्याच्या अगदी शेजारी जाऊन हायड्रोजन बसतो. गणात वर जाताना ही ऊर्जा हळूहळू वाढते हे खरं, पण हा वाढीचा टप्पा नव्हे, ही सरळ उडी आहे.

उडीचं कारण नीट समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. लिथियममध्ये बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या आत दोन इलेक्ट्रॉनांचं भरलेलं कवच असतं. ते केंद्राची ओढ बरीचशी झाकतं. सोडियममध्ये आत दहा इलेक्ट्रॉन असतात. हायड्रोजनच्या इलेक्ट्रॉनच्या आत कुणीही नाही. केंद्र आणि तो, एवढंच. त्यात आणखी एक भर म्हणजे पहिल्या कवचात जागाच दोन आहेत. त्यामुळे हायड्रोजनच्या त्या एका इलेक्ट्रॉनबद्दल तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठरतात. बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन आहे, म्हणजे तो लिथियमसारखा. कवच भरायला एकच कमी आहे, म्हणजे फ्लोरिनसारखा. आणि कवच बरोबर अर्धं भरलं आहे, म्हणजे कार्बनसारखा. लिथियमबद्दल यातली पहिलीच खरी आहे, फ्लोरिनबद्दल दुसरीच. हायड्रोजनच्या बाबतीत तिन्ही खऱ्या आहेत, आणि सगळा वाद इथूनच निघतो.

रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना आययूपॅक आपल्या तक्त्यात हायड्रोजन लिथियमच्या वरच छापते, पण अल्क धातूंची, म्हणजे लिथियम, सोडियमसारख्या पहिल्या गणातल्या धातूंची, नावं देताना त्याला वगळते. तुझ्या पीयूसीच्या पुस्तकाने त्याला वेगळं मांडून तीच गोष्ट चित्राने सांगितली आहे. इलेक्ट्रॉन मोजायचे तर पहिला गण, गुणधर्म बघायचे तर एकटा. तुझ्या सरांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त 'दोन्ही चालतं'च्या पुढे 'कोणत्या कसोटीवर' हे जोडून घे.

प्रश्न : हायड्रोजन वायू आहे, अधातू आहे, त्याचा रेणू दोन अणूंचा आहे. क्लोरीनही तसाच. मग त्याला सरळ सतराव्या गणात, फ्लोरिनच्या डोक्यावर का बसवत नाहीत? (निवृत्त बँक कर्मचारी, निपाणी)

उत्तर : बसवणारे आहेत, आणि त्यांची बाजू लेचीपेची नाही. उत्कलनबिंदू घ्या. हायड्रोजन उणे २५३, फ्लोरिन उणे १८८, क्लोरीन उणे ३४, ब्रोमिन ५९, आयोडीन १८४ अंश सेल्सिअस. वरून खाली एकही पायरी चुकत नाही. अणुअंकही बघण्यासारखे आहेत. हायड्रोजन १, फ्लोरिन ९, क्लोरीन १७. पहिल्या आणि तिसऱ्याची सरासरी बरोबर मधला आकडा. डोबेरायनरची त्रिकं तुम्ही शाळेत शिकला असाल. सारख्या गुणधर्मांच्या तीन मूलद्रव्यांत मधल्याचा आकडा पहिल्या-तिसऱ्याच्या सरासरीइतका, ही त्यांची कल्पना. ती अणुवस्तुमानांवर होती, ही अणुअंकांवरची. हायड्रोजन सतराव्या गणात हवा म्हणणाऱ्यांचा या त्रिकावर विशेष भर असतो.

सर्वांत ठळक पुरावा मात्र हायड्राइडांचा. सोडियम, लिथियम, कॅल्शियम हे धातू तापवून त्यांवरून हायड्रोजन सोडला की मिठासारखे पांढरट स्फटिकी क्षार तयार होतात. त्यांत हायड्रोजन एक इलेक्ट्रॉन घेऊन ऋण आयन झालेला असतो, जसा मिठात क्लोरीन असतो. लिथियम हायड्राइड सुमारे ६९० अंशाला वितळतं. वितळलेल्या हायड्राइडमधून वीज सोडली तर हायड्रोजन धनाग्रावर निघतो. पाण्यातून वीज सोडताना तोच हायड्रोजन ऋणाग्रावर निघतो. आवर्तसारणीतलं दुसरं कोणतंही मूलद्रव्य इतक्या उघडपणे दोन्ही टोकांना दिसत नाही.

तरी बाजू लंगडी कुठे पडते ते सांगतो. अणूने एक इलेक्ट्रॉन घेतला की बाहेर पडणारी ऊर्जा क्लोरीनची ३४९, फ्लोरिनची ३२८, आयोडीनचीसुद्धा २९५ किलोज्यूल प्रति मोल आहे. हायड्रोजनची फक्त ७३. म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याची त्याची हौस फारच तोकडी. कारण पुन्हा तेच आहे. केंद्रात प्रोटॉन एकच, आणि त्याने दोन इलेक्ट्रॉन धरून ठेवायचे. क्लोराइड आयन पाण्यात वर्षानुवर्षं सुखाने राहतो, समुद्र त्याने भरलेला आहे. हायड्राइड आयन पाण्यात टिकतच नाही, पाणी लागताक्षणी हायड्रोजन वायू होऊन उडतो. एक ग्रॅम कॅल्शियम हायड्राइडवर पाणी पडलं तर लिटरभराहून जास्त हायड्रोजन निघतो. ज्या गणाची ओळखच पाण्यात विरघळणारे क्षार ही आहे, त्यात अशाला घालणं आम्हाला पटत नाही.

कार्बनच्या वर ठेवावा असं म्हणणारेही आहेत. त्यांचा आधार विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची ताकद. हायड्रोजनची २.२०, कार्बनची २.५५. लिथियमची ०.९८ आणि फ्लोरिनची ३.९८, म्हणजे दोन्ही टोकं दूर आणि कार्बन जवळ. कार्बन आणि हायड्रोजन इलेक्ट्रॉन जवळजवळ सारखे वाटून घेतात, म्हणून पेट्रोलपासून मेणापर्यंतची सगळी हायड्रोकार्बनं एवढी स्थिर. पण कार्बन चार बंध करतो, हायड्रोजन एक. तिथे ही तुलना संपते.

प्रश्न : हायड्रोजनची दुहेरी वागणूक वर्गात दाखवायची आहे. प्रयोगशाळेत व्होल्टामीटर (पाण्यातून वीज सोडून निघालेले वायू मोजण्याचं उपकरण) नाही. घरगुती साहित्यात पाण्याचं विद्युत अपघटन केलं तर वायूंचं प्रमाण दोनास एक येत नाही, मुलं प्रश्न विचारतात. काय चुकत असेल? (माध्यमिक शिक्षक, चिकोडी तालुका)

उत्तर : सर, हायड्राइडची बाजू शाळेत दाखवता येणार नाही, ती चित्रावरच समजवा. सोडियम हायड्राइड, कॅल्शियम हायड्राइड शाळेत आणूच नका. पाण्याची बाजू मात्र छान दाखवता येते. आपण साहित्य कोणतं घेता ते पत्रात नाही, म्हणून सगळंच क्रमाने लिहितो.

एक लिटरची प्लास्टिकची बाटली मधोमध कापा. बुचाकडचा भाग उलटा धरा, बुचाला दोन भोकं पाडा, त्यांतून पेन्सिलीतली दोन शिसं वर आणा आणि भोकं एम-सीलने बंद करा. शिसं साधारण तीन सेंटीमीटर आत उघडी राहू द्या, त्यांत अंतर दोन सेंटीमीटर. पाणी २०० मिलिलिटर, त्यात धुण्याचा सोडा १० ग्रॅम. वीज घरच्या राउटरच्या जुन्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरची. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी पाच मिनिटांत मलूल होते, ती नको. भिंतीतल्या प्लगची वीज थेट वापरण्याचा विचारही नको. मल्टिमीटर जोडून प्रवाह ०.२ अँपिअरच्या आसपास आणा. जास्त असेल तर सोड्याच्या पाण्यात साधं पाणी घाला, कमी असेल तर चिमूटभर सोडा वाढवा. मग सोड्याच्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या दोन परीक्षानळ्या शिसांवर उलट्या धरा.

०.२ अँपिअर प्रवाह १० मिनिटं चालला तर १२० कूलोम प्रभार गेला. यातून हायड्रोजन निघतो ०.६२ मिलिमोल. समुद्रसपाटीला, २५ अंशाला, पाण्याच्या वाफेसकट त्याचं आकारमान सुमारे १५.७ मिलिलिटर भरतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून ७५० मीटरच्या आसपास उंच आहे. इथे हवेचा दाब साधारण ९२.६ किलोपास्कल, म्हणून तेवढाच वायू १७.२ मिलिलिटर जागा घेतो. कारवारच्या किनाऱ्यावर केलेला प्रयोग आणि बेळगावातला प्रयोग यांत दीड मिलिलिटरचा फरक पडणारच. पुस्तकातला आकडा जुळला नाही तर आधी हे तपासा. मुलांना हा हिशेब फळ्यावर करायला लावा, वायूचे नियम आपोआप पक्के होतील.

आता प्रमाण का बिघडतं. ऑक्सिजन नेहमी कमी पडत असणार, हायड्रोजन नव्हे. याला कारणं तीन. पहिलं आणि मोठं कारण म्हणजे धनाग्रावरचा ताजा ऑक्सिजन शिसातल्या कार्बनलाच खातो, कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो सोड्याच्या पाण्यात विरून जातो. पाणी काळपट होत असेल, शीस ठिसूळ होऊन झडत असेल, तर हेच चाललं आहे. दुसरं कारण, ऑक्सिजन पाण्यात हायड्रोजनपेक्षा जास्त विरघळतो. यावर उपाय सोपा आहे. नळ्या लावण्याआधी दहा मिनिटं वीज तशीच चालू ठेवा, पाणी वायूंनी भरून येतं, मग नळ्या लावून मोजणी सुरू करा. तिसरं कारण, नळी शिसावर नीट बसत नाही आणि बुडबुडे बाजूने निसटतात. कार्बन खाण्याला खरा उपाय निकेलचा अग्र. निकेलची पट्टी मिळाली तर धनाग्राला ती लावा, प्रमाण दोनास एकच्या अगदी जवळ येईल.

सोड्याऐवजी मीठ कधीही घेऊ नका. मिठाच्या पाण्यात धनाग्रावर ऑक्सिजनऐवजी मुख्यतः क्लोरीन निघतो. बंद वर्गात तो घशाला लागतो. स्टेनलेस स्टीलचे चमचे आणि मीठ ही जोडी तर त्याहून वाईट, त्यात स्टीलमधलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं.

तपासणीच्या वेळी हायड्रोजनची नळी तोंड खाली ठेवूनच उचला, कारण वायू हलका आहे. पेटती काडी तोंडाशी न्या. 'पॉप' आवाज आला तर त्यात हवा मिसळली आहे. जवळजवळ शुद्ध असेल तर शांतपणे जळतो. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत असला तरी मिश्रण पेट घेतं. एवढी रुंद मर्यादा फार थोड्या वायूंची असते, म्हणून एका परीक्षानळीपेक्षा जास्त साठवू नका आणि दोन्ही वायू एकाच नळीत कधीच गोळा करू नका. पुढच्या बाकावरच्या मुलांना दोन हात मागे बसवा, आपण चष्मा लावा.

मुलांना एक बारकावा मात्र सांगून ठेवा. सोड्याच्या पाण्यात हायड्रोजनचे धन आयन नाममात्र असतात. ऋणाग्रावर पाण्याचा रेणूच इलेक्ट्रॉन घेतो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. 'धन आयन पोहत येतो' असं सोपं करून सांगितलं की पीयूसीत ते पुन्हा खोडावं लागतं.

जस्त आणि आम्लाचा प्रयोग करणाऱ्यांसाठी एक पुस्ती. शुद्ध जस्ताचे दाणे विरल गंधकाम्लात फार रेंगाळतात. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्याचे दोन-तीन थेंब टाका, जस्तावर तांब्याचा थर बसतो आणि बुडबुडे जोरात येतात. मोरचूद द्राक्षबागवाल्यांकडे बोर्डो मिश्रणासाठी असतंच, अथणीकडच्या शाळांना अडचण पडू नये. नायट्रिक आम्ल या प्रयोगाला नको. ते स्वतःच ऑक्सिडीकारक आहे, हायड्रोजनऐवजी नायट्रोजनची तांबूस ऑक्साइडं निघतात.

प्रश्न : १२.९ ग्रेडचे ॲलन बोल्ट बाहेरून झिंक प्लेटिंग करून आणले. टॉर्क रेंचने आवळले तेव्हा ठीक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बोल्टांची डोकी तुटून पडलेली. प्लेटिंगवाला म्हणतो माल खराब, मालवाला म्हणतो प्लेटिंग खराब. 'हायड्रोजन' असं कुणीतरी म्हणालं. वायू लोखंडात शिरतो कसा? (वर्कशॉपमालक, उद्यमबाग, बेळगाव)

उत्तर : लक्षणं हायड्रोजनचीच आहेत. आवळताना तुटला तर कारण दुसरं असू शकतं. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी, ताण तसाच असताना, डोक्याखाली किंवा पहिल्या आट्याशी तुटला, तर पहिला संशय यावरच घ्यावा. तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली बघा. खडीसाखर फोडल्यावर दिसावा तसा दाणेदार, चकाकणारा असेल आणि बोल्ट कुठेही ताणून बारीक झाला नसेल, तर संशय बळावतो.

वायू लोखंडात शिरत नाही, अणू शिरतो. प्लेटिंगच्या टाकीत तुमचा बोल्ट स्वतःच ऋणाग्र असतो. त्यावर जस्त बसतं आणि सोबत हायड्रोजनचे सुटे अणूही तयार होतात. दोन अणू जुळून बुडबुडा होण्याआधी काही अणू सरळ पोलादात उतरतात. प्लेटिंगच्या आधी गंज काढायला आम्लात बुडवतात, त्या पिकलिंगमध्येही हेच होतं. दुसरं कोणतंही मूलद्रव्य असं का करत नाही, याचं उत्तर वर खानापूरच्या विद्यार्थिनीला दिलं तेच आहे. हायड्रोजनला आतलं कवच नाही. त्याचा एकुलता इलेक्ट्रॉन धातूच्या इलेक्ट्रॉनांत मिसळला की मागे उरतो जवळजवळ उघडा प्रोटॉन, आणि लोखंडाच्या अणूंमधल्या फटींतून तो साध्या तापमानालाही फिरत राहतो. जिथे ताण जास्त, तिथे जाऊन साठतो. म्हणून डोक्याखालचा कोपरा आणि पहिला आटा. साठायला वेळ लागतो, म्हणून दुसरा दिवस.

कठीण पोलादालाच हे बाधतं, आणि बोल्टाचा ग्रेड जितका मोठा तितकं पोलाद कठीण. ८.८ ग्रेडला सहसा काळजी नसते, १०.९ काठावर येतो, १२.९ सरळ धोक्यात. तुमच्या प्लेटिंगवाल्याला पुढच्या खेपेला या गोष्टी लेखी द्या. गंज आम्लाने न काढता शॉट ब्लास्टिंगने काढायचा, आम्ल लागलंच तर कमीत कमी वेळ. प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत माल ओव्हनमध्ये गेला पाहिजे. १९० ते २२० अंश सेल्सिअस, आणि १२.९ साठी किमान आठ तास, जाड बोल्टांना त्याहून जास्त. पिवळं किंवा निळं पॅसिव्हेशन (जस्तावरचा संरक्षक रासायनिक थर) या बेकिंगच्या नंतर, आधी केलं तर तो थर उष्णतेने खराब होतो. तरीही जस्ताचा थर हायड्रोजनला बाहेर पडू देत नाही, म्हणून बेकिंग ही पूर्ण हमी नाही. आत तडा गेला असेल तर बेकिंगने तो भरूनही येत नाही. त्याच लॉटचे बसवलेले बोल्ट काढून टाका, पुन्हा वापरू नका. १२.९ ला आमचा स्पष्ट सल्ला असा की विद्युत प्लेटिंग टाळा. झिंक फ्लेक कोटिंग करून घ्या, नाहीतर काळा ऑक्साइड आणि तेल.

ॲल्युमिनियम ओतणाऱ्या शेजाऱ्यांना पावसाळ्यात त्रास देणारी बारीक भोकंही हायड्रोजनचीच. वितळलेलं ॲल्युमिनियम दमट हवेतल्या, ओल्या इंगटावरच्या (धातूच्या लादीवरच्या) आणि थंड डावावरच्या पाण्याशी भिडतं, ऑक्सिजन ठेवून घेतं आणि हायड्रोजन रसात सोडतं. धातू गोठताना हायड्रोजनची विद्राव्यता एकदम सुमारे वीसपट घटते. वायूला बाहेर पडायला वाट मिळत नाही, भोकं उरतात. इंगट आणि डाव आधी तापवून कोरडे करणं, रस गरजेपेक्षा जास्त न तापवणं आणि ओतण्याआधी आर्गन किंवा नायट्रोजन सोडून डिगॅसिंग करणं (रसातला हायड्रोजन बाहेर काढणं), हे तिन्ही लागतं. एकाने भागत नाही.

प्रश्न : एसएसएलसीला (दहावीला) 'हायड्रोजनचं स्थान स्पष्ट करा' असा प्रश्न आला तर मुलाने काय लिहावं? (पालक, संकेश्वर)

उत्तर : पहिला गण, पहिलं आवर्त, असं आधी लिहावं. अल्क धातूंशी दोन साम्यं, म्हणजे बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन आणि ऑक्साइड-क्लोराइडची सारखी सूत्रं. हॅलोजनांशी, म्हणजे सतराव्या गणातल्या फ्लोरिन-क्लोरीनशी, दोन साम्यं: द्विअणू रेणू आणि अष्टकाऐवजी द्विक भरायला एक इलेक्ट्रॉन कमी. शेवटी एक वाक्य: दोन्ही गणांशी पूर्ण जुळत नाही, म्हणून स्थान निश्चित मानत नाहीत. 'हायड्रोजन अल्क धातू आहे' असं लिहिलं तर गुण जातील.

प्रश्न : कारवारजवळच्या कैग्याच्या अणुभट्टीत जड पाणी वापरतात, त्यातला हायड्रोजन वेगळा असतो म्हणे. मग त्याला आवर्तसारणीत वेगळा चौकोन का नाही? (महाविद्यालयीन विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : चौकोन प्रोटॉनांच्या संख्येला मिळतो, आणि ड्युटेरियमच्या केंद्रात प्रोटॉन एकच आहे. सोबत एक न्यूट्रॉन आहे, एवढाच फरक. म्हणून तो त्याच चौकोनात. हॅरल्ड युरीने तो १९३१ साली शोधला आणि १९३४चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. निसर्गातल्या हायड्रोजनमध्ये ड्युटेरियम ०.०१५ टक्के असतो. तिसरा भाऊ ट्रिटियम, त्यात दोन न्यूट्रॉन. तो किरणोत्सारी असून त्याचा अर्धायुकाल १२.३ वर्षं.

तुझ्या शंकेत तथ्य एवढं आहे की समस्थानिकांतला, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंतला, फरक हायड्रोजनमध्ये जेवढा जाणवतो तेवढा दुसऱ्या कशात नाही. क्लोरीनचे ३५ आणि ३७ वस्तुमानाचे अणू जवळजवळ सारखे वागतात. इथे वस्तुमान थेट दुप्पट होतं. म्हणून जड पाणी ३.८ अंशाला गोठतं, १०१.४ अंशाला उकळतं आणि साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्के जड असतं. कैग्यात ते न्यूट्रॉनांचा वेग कमी करण्यासाठी आणि भट्टीतली उष्णता वाहून नेण्यासाठी वापरतात. साधा हायड्रोजन न्यूट्रॉनांचा वेग आणखी चांगला कमी करतो, पण ते करताना बरेच न्यूट्रॉन गिळतो. मग नैसर्गिक युरेनियमवर भट्टी चालत नाही. ड्युटेरियम फारच थोडे गिळतो.

प्रश्न : गुरू ग्रहावर हायड्रोजन धातूच्या रूपात आहे असं वाचलं. मग तो अल्क धातूच झाला ना? (वाचक, येळ्ळूर)

उत्तर : प्रचंड दाबाखाली हायड्रोजन धातूसारखा वागेल हे विग्नर आणि हंटिंग्टन यांनी १९३५ साली मांडलं. गुरूच्या पोटात तसा वीजवाहक, द्रवरूप हायड्रोजन आहे आणि गुरूचं जबरदस्त चुंबकीय क्षेत्र त्यातूनच निर्माण होतं, असं मानतात. पण आवर्तसारणीतले धातू-अधातू आपण नेहमीच्या दाबाला ठरवतो. पुरेसा दाब दिला तर आयोडीनही धातूसारखं वीज वाहतं, म्हणून त्याला कुणी हॅलोजनांतून काढत नाही.

प्रश्न : शाळेच्या आतल्या भिंतीवर आवर्तसारणी रंगवून घ्यायची आहे. भिंत बारा फूट लांब, नऊ फूट उंच. पेंटर तयार आहे, पण जुना छापील तक्ता समोर ठेवून तो चुका करेल अशी भीती आहे. हायड्रोजन कुठे रंगवायचा? (मुख्याध्यापक, अथणी तालुका)

उत्तर : भिंत पुरेशी आहे. उभे स्तंभ १८, चौकोन साडेसात इंचांचा धरला तर लांबी ११ फूट ३ इंच. आडव्या ओळी ७, खाली अर्ध्या चौकोनाची मोकळी जागा आणि मग लॅन्थनाइड-ॲक्टिनाइडच्या दोन ओळी, एकूण उंची सहा फुटांच्या आसपास. जमिनीपासून अडीच फूट सोडून सुरुवात करा, पाचवीच्या मुलांनाही वरची ओळ वाचता येईल.

पेंटरला आधी खडूने पूर्ण जाळी आखायला सांगा आणि कुणातरी विज्ञान शिक्षकाने क्रमांक टाकल्यावरच रंग लावू द्या. हमखास होणारी चूक म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत दुसऱ्या चौकोनानंतर दहा जागा मोकळ्या सोडायच्या राहतात आणि बोरॉन बेरिलियमला चिकटतो. दुसरी चूक जुन्या तक्त्यामुळे होते. ११३, ११५, ११७ आणि ११८ या क्रमांकांना २०१६ साली कायम नावं मिळाली: निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसिन आणि ओगानेसॉन. तुमच्या तक्त्यात तिथे तीन अक्षरी तात्पुरती चिन्हं असतील तर ती उतरवू नका. प्रत्येक चौकोनात मराठी नावाखाली कन्नड नावासाठी एक ओळ राखून ठेवा, नंतर घालायला जागा उरत नाही.

हायड्रोजन लिथियमच्याच स्तंभात, पहिल्या ओळीत रंगवा. पुस्तकं आणि परीक्षा दोन्हींत मुलांना तो बहुधा तिथेच भेटेल. पण रंग अल्क धातूंचा देऊ नका, अधातूंचा द्या, म्हणजे कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनचा जो असेल तो. आणि लिथियमच्या चौकोनाच्या वर दोन इंचांची मोकळी पट्टी सोडून मगच हायड्रोजनचा चौकोन घ्या. पहिली ओळ सगळीच दोन इंच वर सरकवा, म्हणजे उजवीकडचा हेलियमही त्याच रेषेत येईल. हेलियमला रंग निष्क्रिय वायूंचा. बाहेरच्या कवचात दोनच इलेक्ट्रॉन असल्यामुळे त्याला बेरिलियमच्या वर नेणाऱ्या सारण्या आहेत, चार्ल्स जॅनेटची १९२८ची त्यांतली प्रसिद्ध, पण त्या शाळेच्या भिंतीसाठी नाहीत. दोन थरांचा ऑइल पेंट लावून घ्या, आणि क्रमांक चिन्हापेक्षा लहान पण वरच्या डाव्या कोपऱ्यात ठळक असू द्या. मुलं बोट ठेवून मोजतात ती क्रमांकावरच.